रणगाड्यातला इंटरकॉम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या रणगाड्यांचे हेडसेट, कंट्रोल बॉक्स आणि त्यांच्या त्या न संपणाऱ्या केबली यांबद्दल लोक मला फोनवर, व्हॉट्सअॅपवर, कधी नागपूरच्या सीताबर्डीत दुकानाच्या काउंटरशी उभ्या उभ्या विचारत असतात. विचारणारे साधारण तीन प्रकारचे. कामठीकडचे निवृत्त फौजी काका, इंजिनिअरिंगची पोरं, आणि भंगारात काहीतरी 'मिलिटरीचं' सापडलेले हौशी. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून इथे मांडले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात येऊन गेलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, निम्मे फोन वाचतील. बिघाड डब्यात क्वचित असतो. तो वायरीत, प्लगात नाहीतर ब्रशच्या (फिरत्या भागावर घासत करंट नेणाऱ्या तुकड्याच्या) टोकाशी असतो. डबा उघडायची घाई करू नका.

१. चार माणसं खोलीएवढ्या जागेत बसतात. इंटरकॉम लागतोच कशाला? ओरडून भागत नाही का?

नाही भागत. चालत्या रणगाड्याच्या पोटात आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. इंजिन, साखळ्या, पंखे आणि वर तोफ. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी शब्द कळत नाहीत. त्यात ड्रायव्हर पुढे खाली, कमांडर वर बुरुजात, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटात. दोघांना एकमेकांचं तोंडही दिसत नाही. ड्रायव्हरला समोरची हातभर फट दिसते, बाकीचं जग त्याच्यासाठी कमांडरच्या आवाजात असतं.

इंटरकॉम नव्हता तेव्हाचे उपाय ऐकण्यासारखे आहेत. सप्टेंबर १९१६मध्ये सोमच्या लढाईत ब्रिटिश मार्क-१ रणगाडे पहिल्यांदा उतरले. आत आठ माणसं आणि मधोमध उघडं इंजिन. गियर बदलायला मागे वेगळी माणसं, आणि त्यांना इशारा द्यायचा तर इंजिनाच्या झाकणावर ठोकायचं आणि हाताच्या खुणा करायच्या. फ्रेंच रेनॉ एफटीमध्ये दोनच माणसं. तिथे कमांडर ड्रायव्हरला पायाने ढोसायचा. रशियन टी-३४मध्ये इंटरकॉम होता, तरी खांद्यावर बूट टेकवून 'डावीकडे घे' सांगण्याची सवय पुष्कळ कमांडरांनी सोडली नाही. यावरून त्या इंटरकॉमवर त्यांचा किती विश्वास होता ते समजून घ्या.

२. इंटरकॉम म्हणजेच वायरलेस ना?

नाही. वायरलेस बाहेरच्या जगाशी बोलतो, इंटरकॉम आतल्या आत, तारेवरून. गोंधळ होतो तो दोन्ही एकाच हेडसेटवर ऐकू येतात म्हणून, आणि काही संचांत दोन्ही एकाच डब्यात असतात म्हणून.

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश वायरलेस सेट नंबर १९ हे त्याचं उत्तम उदाहरण. एका पेटीत तीन वस्तू. 'ए' सेट लांबच्या बोलण्यासाठी, २ ते ८ मेगाहर्ट्झ. 'बी' सेट जवळच्या रणगाड्यांशी बोलायला, २३० मेगाहर्ट्झच्या आसपास, पल्ला जेमतेम किलोमीटरभर. आणि तिसरा 'आयसी', म्हणजे इंटरकॉमचा अॅम्प्लिफायर. माणसापुढच्या कंट्रोल युनिटवर ए, आयसी, बी असा खटका. तो ज्या घरात, त्या तारेवर तुम्ही.

अमेरिकन पद्धत थोडी वेगळी. शर्मनमधल्या एससीआर-५०८ आणि ५२८ संचांत ट्रान्समीटरचाच अॅम्प्लिफायर इंटरकॉमला वापरत. ज्या गाड्यांना फक्त रिसीव्हर दिला होता (एससीआर-५३८), तिथे ट्रान्समीटरच नाही, म्हणून बीसी-६०५ हा इंटरकॉमचा वेगळा अॅम्प्लिफायर. प्रत्येकाच्या शेजारी बीसी-६०६ हा छोटा कंट्रोल बॉक्स. भंगारात सर्वांत जास्त दिसतो तो हाच, कारण एका गाडीत ते अनेक असायचे.

३. आपल्या फौजेच्या जुन्या रणगाड्यांत कोणती यंत्रणा होती?

तीन घराणी धरा.

ब्रिटिश घराणं: आधी १९ नंबरचा सेट, पुढे लार्कस्पर, म्हणजे युद्धानंतरची ब्रिटिश संचांची मालिका. लार्कस्पर २४ व्होल्टवर चालतो आणि त्यात वायरिंगच्या सगळ्या जाळ्याला मिळून 'हार्नेस' म्हणतात. सेंच्युरियन आणि विजयंता हे याच घराण्याच्या परंपरेतले. विजयंता म्हणजे विकर्सचं डिझाइन, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून १९६५पासून बाहेर पडलेलं.

रशियन घराणं: पीटी-७६, टी-५४, टी-५५, पुढे टी-७२. यांत जुना संच आर-१२० आणि नंतरचा आर-१२४. हेडसेट म्हणजे कापडी, कप्पे-कप्पे असलेली टोपी, घशाला दोन माइक, आणि छातीवर लोंबणारा खटका.

अमेरिकन घराणं: स्टुअर्ट आणि शर्मन. पण ब्रिटिश सेवेत आलेल्या शर्मनमधून अमेरिकन संच काढून १९ नंबर बसवत. त्यामुळे 'शर्मन आहे म्हणजे अमेरिकन इंटरकॉम' हे गणित चुकतं. १९६५ला पंजाबात असल उत्तर गावाजवळ पकडलेले पाकिस्तानी पॅटन मात्र अमेरिकन वायरिंग घेऊनच आले.

फ्रेंच एएमएक्स-१३ही आपल्याकडे होता, तो या तिन्हींत बसत नाही.

४. भाऊ, डब्यावर रशियन लिहिलेलं आहे. म्हणजे टी-५५चाच ना?

थांबा, पैसे देऊ नका. हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण यात भले भले फसतात.

अक्षरं नुसती रशियन असतील तर बहुधा रशियन. पण रशियन आणि इंग्रजी अशी दोन्ही असतील, तर तो १९ नंबरचा सेट असण्याचीच शक्यता जास्त. युद्धकाळात कॅनडात आणि अमेरिकेत हे सेट बनले, त्यांतले पुष्कळ लेंड-लीजखाली (मित्रदेशांना युद्धसामान पुरवायची योजना) सोव्हिएत संघाला जायचे होते, म्हणून पाटीवर दोन्ही भाषा कोरल्या. पुढे त्यांतले अनेक सेट ब्रिटिशांकडेच वापरले गेले. म्हणजे रशियन अक्षरांचा डबा, जन्म कॅनडाचा, नोकरी ब्रिटिशांची.

खूण बघा. इंग्रजी 'सी' अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडा. नुसता रुंद बाण असेल तर ब्रिटिश परंपरेचा सरकारी माल, आणि तो बाण आपल्याकडेही चालत आला. 'सिग्नल कोअर' असं छापलं असेल तर अमेरिकन. रशियन आर-१२४च्या डब्यांना ए-१, ए-२, ए-३ अशी नावं असतात. ए-१ कमांडरचा, म्हणून त्यावर खटके जास्त.

पाटी घासून चमकवू नका. पाटीच गेली तर डब्याची किंमत निम्मी, आणि ओळख पूर्णच गेली.

५. हेडसेट जोडला, अॅम्प्लिफायर चालू आहे, पण माझा आवाज पलीकडे जातच नाही. का?

दहातल्या सात वेळा उत्तर एकच: माइकची जात चुकली आहे.

जुन्या इंटरकॉममध्ये माइकच्या तीन जाती भेटतात. पहिली कार्बनची, अमेरिकन टी-१७ किंवा घशाचा टी-३० अशी. आत कोळशाचे बारीक दाणे. आवाजाने पडदा दाणे दाबतो, दाण्यांचा रोध बदलतो, त्यामुळे त्यातून वाहणारा करंट बदलतो. म्हणजे या माइकला आधी करंट द्यावा लागतो. तो स्वतः काही निर्माण करत नाही, फक्त नळाची तोटी फिरवतो. दुसरी जात मूव्हिंग कॉइल, १९ नंबरच्या सेटची. चुंबकात हलणारं वेटोळं, स्वतःच बारीकसा व्होल्टेज बनवणारं. त्याला करंट द्यायचा नसतो. तिसरी इलेक्ट्रोमॅग्नेटिक, रशियन टोपीतली घशाची.

आता १९ नंबरच्या कंट्रोल युनिटला कार्बन माइक लावलात तर त्याला करंट मिळत नाही, तो मुका. उलट कार्बनसाठी बनलेल्या लाइनीवर मूव्हिंग कॉइल लावलात तर बारीक वेटोळ्यातून नको तेवढा करंट जातो. आवाज बसका येतो आणि एक दिवस वेटोळं तुटतं. प्लग बसला म्हणजे जोडी जमली असं नाही. मी स्वतः एक चांगलं मूव्हिंग कॉइल असंच जाळलं आहे. प्लग बदलून 'बसवला' होता आणि स्वतःवर खूश होतो.

माइकची जात बरोबर आहे आणि तरी मुका? मग क्रमाने जा. प्रेसल, म्हणजे दाबून बोलायचा खटका, दाबल्यावर मीटरवर जोड मिळते का बघा. मिळत असेल तर केबल वाकवत वाकवत बघा, विशेषतः प्लगपासून पहिल्या चार बोटांत. तार तिथेच तुटते, वरून रबर शाबूत दिसतं. कार्बन असेल तर माइक हातात घेऊन तळहातावर हलके आपटा. ओलाव्याने दाणे चिकटून गठ्ठा झालेला असतो, तो मोकळा होतो. एवढ्यावर पुष्कळ 'मेलेले' माइक उठून बसले आहेत.

६. घशाला लावायचा माइक कसा काय काम करतो? त्यात बोलणं इतकं घोगरं का येतं?

तो हवेतला आवाज ऐकतच नाही. गळ्याच्या कातडीवर टेकतो आणि स्वरयंत्राची थरथर पकडतो. इंजिनाचा गोंगाट हवेतून येतो, त्याला तो जवळजवळ बहिरा. कल्पना फक्कड आहे.

किंमत मोजावी लागते ती उच्चारात. स, श, फ, ख हे वर्ण तोंडात घडतात, घशात थरथर नाही, म्हणून ते गळून पडतात. कुजबूज तर पोचतच नाही. उरतात स्वर आणि घोष व्यंजनं. मराठीत याची एक गंमत आहे. 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' दोन्हींचं शेपूट एकच, 'वीकडे'. घाईत पहिलं अक्षर खाल्लं की ड्रायव्हरला कळणारच नाही कुठे वळायचं. प्रात्यक्षिकात आम्ही म्हणूनच 'लेफ्ट', 'राइट' म्हणतो, आणि त्यावर मराठी अभिमानी मंडळींनी रागावू नये.

बसवताना दोन्ही बटणं कंठमण्याच्या दोन बाजूंना, किंचित वर. पट्टा एवढाच आवळा की गिळता येईल. ओरडू नका, ठणठणीत आवाजात सावकाश बोला. ओरडल्याने घसा घट्ट होतो आणि आवाज आणखी बिघडतो.

७. कार्बनचा माइक काढून आत मोबाइलच्या इअरफोनचा छोटा माइक बसवला तर?

चालतं. त्या छोट्या इलेक्ट्रेट माइकला थोडा करंट लागतो आणि कार्बनच्या लाइनीवर तो आयता असतो. मध्ये एक-दोन ट्रान्झिस्टरचा टप्पा टाकला की पातळी जुळते. सामान सीताबर्डीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, खर्च एका प्लेट सांभारवडीपेक्षा फार नाही.

दोन अटी. मूळ कार्बनची डबी फेकू नका, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. आणि दोन माइक बदलायचे असतील तर दोन्ही बदला, नाहीतर कमांडर गरजतो आणि ड्रायव्हर पुटपुटतो. इलेक्ट्रेट गोंगाटही गोळा करतो, म्हणून चालत्या गाडीत त्याचा उपयोग कमी. टेबलावरच्या प्रदर्शनाला उत्तम.

८. किती व्होल्ट द्यायचे? गाडीची बॅटरी चालेल का?

पाटी वाचा. १९ नंबरचा सेट १२ व्होल्टवर, आणि वेगळ्या पुरवठ्यासह २४ वरही असतो. लार्कस्पर २४. रशियन संच २६ लिहिलेले, व्यवहारात २४ची बॅटरी. अमेरिकन संचात १२ आणि २४ या दोन्हींसाठी वेगवेगळे डायनॅमोटर (बॅटरीवर फिरून संचाला लागणारा उच्च दाब बनवणारं यंत्र), दिसायला जुळे. पाटी न वाचता १२चा डायनॅमोटर २४वर लावला तर काय होतं ते वासावरून कळतं.

कारच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २४. इनव्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरीही चालते. मोबाइल चार्जरसारखे स्विचिंग सप्लाय टाळा. डायनॅमोटर सुरू होताना जो झटका घेतो तो त्यांना झेपत नाही, वर त्यांची घूंघूं हेडफोनमध्ये येते. पहिल्यांदा करंट देण्याआधी पुढचा प्रश्न जरूर वाचा.

९. सत्तर-ऐंशी वर्षांचा संच थेट चालू करू का?

करू नका.

इंटरकॉम म्हटलं की लोकांना बारा व्होल्ट, खेळण्यासारखं वाटतं. पण व्हॉल्व्हच्या संचात पुरवठ्याच्या डब्यातून उच्च दाब बाहेर पडतो. १९ नंबरमध्ये एक लाइन साधारण २७५ व्होल्टची आणि दुसरी ५०० व्होल्टची. बॅटरी काढल्यावरही कपॅसिटर भरलेले असतात. एक हात खिशात ठेवून काम करायची जुन्या रेडिओ मेकॅनिकांची शिकवण पाळा. आणि एकटे असताना करू नका.

क्रम असा: आधी डायनॅमोटर सुटा काढा. बेअरिंगमधलं ग्रीस वाळून खडू झालेलं असतं, ते काढून नवं भरा. ब्रश सरकतात का बघा. मग तो एकटाच फिरवा, पुढे काही न जोडता. कागदी कपॅसिटर गळतात, ते संशय न बाळगता बदला. मोठे इलेक्ट्रोलिटिक हळूहळू, मालिकेत रोध टाकून, काही तास दाब वाढवत नेले तर कधी कधी सावरतात. गरम झाले की सोडून द्या, बदला. यानंतरच सगळं एकत्र.

हार्नेसला मेगर (तारेवरचं रबर गळतं का ते उच्च दाब देऊन तपासणारं यंत्र) लावायचा असेल तर दोन्ही टोकांचे डबे आधी सोडवा. ५०० व्होल्टचा मेगर जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर एका फेऱ्यात मारतो. साठच्या दशकातल्या संचांत असे ट्रान्झिस्टर भरपूर.

१०. गाडी उभी असताना सगळं नीट. बुरुज फिरवला की खरखर, मध्येच ड्रायव्हर गायब. का?

हा प्रश्न पत्राने विचारणाऱ्या काकांनी स्वतःच उत्तर दिलं होतं, 'बुरुज फिरवला की'. डबे निर्दोष आहेत.

विचार करा. अॅम्प्लिफायर बुरुजात, ड्रायव्हर खाली हलमध्ये, म्हणजे गाडीच्या धडात. बुरुज गोल गोल कितीही फिरू शकतो. साधी केबल असती तर दोन फेऱ्यांत दोरीसारखी पिळून तुटली असती. म्हणून बुरुजाच्या तळाशी, मधोमध, एक फिरता जोड असतो. ब्रिटिश त्याला रोटरी बेस जंक्शन म्हणतात, बोलताना नुसतं 'आरबीजे'. एकावर एक रचलेली धातूची कडी, प्रत्येक कडं एका तारेचं, आणि त्यावर घासत जाणारे ब्रश. वरचा अर्धा बुरुजाबरोबर फिरतो, खालचा जागेवर. ड्रायव्हरचा प्रत्येक शब्द या कड्यांवरून घसरत वर येतो.

आता हा जोड कुठे आहे? रणगाड्याच्या सर्वांत खालच्या भागात. पाणी तिथेच साचतं. तेल, धूळ, चिखल, लोडरच्या बुटाखालची माती, सगळं तिथेच. वर्षानुवर्षं बुरुज एकाच दिशेला उभा असेल तर ब्रशखालचा भाग स्वच्छ राहतो आणि बाकी कड्यावर काळा थर चढतो. म्हणून फिरवेपर्यंत सगळं ठीक वाटतं.

करायचं काय? बॅटरी सोडा. झाकण काढण्याआधी तारांचे फोटो घ्या, रंग फिके झालेले असतात म्हणून प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी बांधा. कडी आयसोप्रॉपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. पॉलिशपेपर नको. वर चांदीचा मुलामा असेल तर तो जाईल आणि खालचं तांबं महिन्यात काळं पडेल. ब्रश त्यांच्या खोबणीत बोटाने दाबून सोडा, उसळी मारून परत आले पाहिजेत. अडकत असेल तर खोबण साफ करा, ब्रश घासून बारीक करू नका. स्प्रिंग मेली असेल तर नवी, पण त्याच ताकदीची. फार कडक स्प्रिंग वर्षभरात कडं खाते.

मग एकाने बुरुज हाताने, अगदी सावकाश, पूर्ण ३६० अंश फिरवायचा. दुसऱ्याने ड्रायव्हरच्या जागी बसून एक ते शंभर मोजायचे. तिसऱ्याने वर ऐकत बसून आकडा कुठे गळला ते लिहायचं. मीटरपेक्षा ही तपासणी मला जास्त खात्रीची वाटते, आणि पोरांना यात मजाही येते.

११. हेडफोनमध्ये शिट्टी, नाहीतर एकसुरी घूंघूं. हे काय?

दोन वेगळे आजार. कर्कश शिट्टी म्हणजे माइकने स्वतःच्याच हेडफोनचा आवाज पकडला. टेबलावर दोन हेडसेट शेजारी ठेवून दोन्हींची प्रेसल दाबली की हमखास. एक सोडा, थांबते. कुणीच दाबलेली नसताना शिट्टी येत असेल तर एखादी प्रेसल आतून चिकटली आहे.

घूंघूं डायनॅमोटरची. वेग कमी-जास्त झाला की सूर बदलतो, त्यावरून ओळखा. कम्युटेटर (डायनॅमोटरचा ब्रश ज्यावर घासतात तो फिरता भाग) साफ करा, फिल्टरचे कपॅसिटर बघा आणि डब्याचं बूड गाडीच्या अंगाला नीट टेकतं का ते तपासा. तिथल्या रंगाचा थर खरवडला की अनेकदा संपलं. नव्याने रंगवलेल्या गाडीत ही तक्रार जास्त येते. कारण उघड आहे.

१२. नागपूरच्या हवेत हे सामान टिकवायचं कसं?

आपल्याकडे दोन शत्रू. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे, रबर कडक होऊन तडकतं. लगेच पावसाळा, चामड्याला बुरशी. जुन्या ब्रिटिश केबलीत तारेवर व्हल्कनाइज्ड रबर आहे. एकदा कडक झालं की वाकवताच भुगा होतो आणि आत तार तारेला लागते. अशी केबल परत मऊ होत नाही. बाहेरची विणलेली जाळी अख्खी ओढून काढा, आत नवी तार घाला, जाळी परत चढवा. वेळखाऊ काम आहे, एका केबलीला रविवार जातो.

तिसरा शत्रू कुणी सांगत नाही, तो म्हणजे कूलर. बाहेर रखरख म्हणून आपण हेडसेट 'थंड खोलीत' ठेवतो, आणि ती खोली असते वाळ्याच्या ओल्या पॅडच्या हवेची. कार्बनचे दाणे तिथेच गोठतात. कूलरच्या खोलीत काही ठेवू नका. सुती पिशवी, सिलिका जेलची पुडी, आणि हवा खेळेल अशी कपाटाची मधली फळी. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणं म्हणजे बुरशीला निमंत्रण.

काही अमेरिकन संचांवर 'एमएफपी' आणि तारखेचा शिक्का दिसतो. ओलावा आणि बुरशीविरुद्ध वॉर्निश दिल्याची ती खूण. त्या वॉर्निशांत विषारी बुरशीनाशकं असत, काहींत पाऱ्याची संयुगं. म्हणून ते घासू नका, तापवू नका, डाग देताना खिडकी उघडा.

१३. अंधारात चमकायचे ते आकडे आता चमकत नाहीत. मग रेडियम संपलं ना?

नाही. संपला तो चमकणारा रंग. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं, तो तिथेच आहे. काच फुटली असेल तर पापुद्रे हाताने झाडू नका, फुंकर मारू नका, मुलांना दूर ठेवा. काच शाबूत असेल तर उघडायचंच नाही, एवढंच.

१४. हे घरी ठेवायला परवाना लागतो का?

हेडसेट, कंट्रोल बॉक्स, नुसता इंटरकॉमचा अॅम्प्लिफायर: हे तारेवरचं सामान आहे, त्यातून काही प्रक्षेपित होत नाही. १९ नंबरचा पूर्ण सेट मात्र ट्रान्समीटर आहे. वायरलेस यंत्र बाळगायला आपल्याकडे १९३३च्या कायद्यापासून परवाना लागत आला आहे, आता २०२३चा दूरसंचार कायदाही आहे. 'मी फक्त इंटरकॉमच वापरतो' हे कारण चालेल असं धरून बसू नका. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्या. त्या सेटच्या २ ते ८ मेगाहर्ट्झमध्ये ७ मेगाहर्ट्झचा हौशी बँड येतो, म्हणजे परवाना मिळाल्यावर सेट खरोखर बोलूही शकतो.

१५. चौकात किंवा संस्थेच्या आवारात ठेवलेल्या रणगाड्यातून एखादा बॉक्स काढून आणता येईल का?

नाही. तो रणगाडा सरकारचा आहे, किंवा सरकारने त्या संस्थेला दिलेला. शिवाय देण्याआधी आतलं बहुतेक काढूनच घेतलेलं असतं, झाकणं वेल्डिंग केलेली असतात. अभ्यासासाठी आत पाहायचं असेल तर लेखी अर्ज करा.

१६. रणगाड्याच्या पाठीवर टेलिफोनचा डबा का असतो?

पायदळासाठी. सेंच्युरियनच्या मागच्या बाजूला असा डबा आहे. आतल्यांची झाकणं बंद, बाहेर जवान. त्याने दाखवायचं कसं की मशीनगन कुठून चालते आहे? वर चढून झाकण ठोकायचं म्हणजे गोळी खायची. म्हणून मागे फोन, तोच इंटरकॉमच्या लाइनीवर जोडलेला. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, तिथल्या जुन्या लोकांना पायदळ आणि चिलखती गाड्यांचं हे नातं वेगळं समजवावं लागत नाही.

जोडणीतली अडचण: हा डबा कायम बाहेर, म्हणून त्यात पाणी शिरतं. शॉर्ट झाला की पूर्ण इंटरकॉमचा आवाज खाली बसतो. आत सगळं तपासून थकलात तर मागे जाऊन हा फोन सोडवून बघा.

१७. अरुण खेत्रपालांनी रेडिओ बंद केला असं सांगतात. मग त्यांचा आतल्यांशी संपर्कही तुटला असेल का?

१९७१च्या युद्धातली बसंतरची लढाई, परमवीर चक्र मिळालेले खेत्रपाल आणि त्यांचा सेंच्युरियन रणगाडा 'फामागुस्ता'. मागे येण्याचा हुकूम मिळाल्यावर त्यांनी वरच्यांशी बोलणं थांबवलं आणि लढत राहिले, असं सांगितलं जातं. तांत्रिक उत्तर एवढंच की बाहेरचं बोलणं बंद करायला पूर्ण संच बंद करावा लागत नाही. कंट्रोल बॉक्सचा खटका रेडिओवरून आयसीवर नेला की कानात फक्त आपली चार माणसं उरतात. तोफ चालू होती म्हणजे गनर आणि लोडरला हुकूम जात होते.

१८. नवा ब्लूटूथ हेडसेट जुन्या टोपीत बसवून द्याल का?

मी देत नाही. दुसरं कुणीही करून देईल, अवघड काही नाही. मला ते आवडत नाही. जुन्या हेडसेटचा प्लग मुद्दाम असा बनवलेला असतो की झटका बसला की सुटावा. आग लागली तर बाहेर उडी मारणाऱ्या माणसाला वायरीने मागे खेचू नये म्हणून. तो प्लग काढला की टोपीतली सर्वांत हुशार गोष्ट गेली. पाहुण्यांना ऐकवायचं असेल तर बाहेरून एक समांतर लाइन काढा आणि स्पीकर लावा, मूळ काही कापू नका.

१९. हे सगळं प्रत्यक्ष बघायला कुठे जायचं?

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम. १९९४मध्ये सुरू झालेलं. नागपूरहून रात्रीचा प्रवास. गाड्या बाहेरून बघायला मिळतात, त्यामुळे इंटरकॉम शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण सेंच्युरियनला मागून वळसा घाला, टी-५५च्या ड्रायव्हरचं झाकण आणि कमांडरचं झाकण यांतलं अंतर पावलांनी मोजा. प्रश्न १ तिथे आपोआप समजतो.

२०. तुमच्याकडे दुरुस्तीला पाठवू का?

आधी फोटो पाठवा. पाटीचा, प्लगच्या तोंडाचा (पिना मोजता येतील असा), आणि केबल जिथे प्लगात शिरते त्या जागेचा. निम्म्या वेळा तेवढ्यावरच फोनवर काम होतं. पाठवायचंच ठरलं तर व्हॉल्व्ह काढून वेगळे, प्रत्येक कापसात गुंडाळून. मे महिन्यात पाठवू नका. पार्सल दिवसभर टपावर तापतं आणि मग रबराचं जे होतं त्याला मी जबाबदार नाही. दिवाळीनंतर पाठवा, तेव्हा माझंही टेबल मोकळं असतं.